परिचय, दीडशे शब्दांत

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं नसतं. बाबा, तुम्ही 'बरं बरं, आईला देतो' म्हणून मोकळे झाला असतात. म्हणून लिहितोय.

परवा मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला होता. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, आपल्या इंदूरच्या रामबागेत तुमचा सत्कार करायचं ठरलंय आणि तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. 'टिकलो एवढंच केलं, त्याची कसली शाल?' असं म्हणालात म्हणे. हसत सांगत होते, पण लागलं होतं त्यांना. मग त्यांनी फॉर्म मलाच पाठवला. वडिलांचा परिचय, दीडशे शब्दांत. भूषवलेली पदं, मिळालेले पुरस्कार, प्रकाशित साहित्य. तीन रकाने, तिन्ही कोरे.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साठीशांत काय, पंचाहत्तरी काय, सगळे वयाचेच सोहळे. सहस्रचंद्रदर्शनाचा तर मी हिशेबच मांडून पाहिला. हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, त्यात माणसाचं कर्तृत्व म्हणजे तब्येत. म्हणून गेल्या वर्षी तुमच्या पंचाहत्तरीला आम्ही गप्प बसलो. पण ही तारीख वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० च्या डिसेंबरात ती ठरवली, १९९१ पासून ती पाळतात. तुम्हाला ती दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. ८० पार केलेल्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून घेतात, आणि त्या दिवसापासून सगळे दाखल्यासाठी तुमच्याकडे येतात, आपली पुढची खोली आपली राहत नाही.

लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. सहामाही तोंडावर, आणि माझ्या टेबलावर कुणाचं पासबुक, कुणाची पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स, कुणाचा चष्मा. तेव्हा निदान कागदावर सही करून भागायचं. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण', म्हणजे अंगठा लावून ऑनलाइन निघणारा दाखला, आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर तुम्ही पदरचे पैसे घालून अंगठ्याचं मशीन घेऊन आलात.

त्यातला एक दिवस मी विसरलेलो नाही. दिवाळीनंतर दोन दिवस जास्त राहिलो होतो. मागच्या गल्लीतल्या आजी आल्या होत्या. अंगठा चारदा लावला, चारही वेळा लागला नाही. आजी म्हणाल्या, "म्हणजे गेले वाटतं मी." तुम्ही हसला नाहीत. वाटीत कोमट पाणी आणलंत, त्यांचा हात नॅपकिनमध्ये धरून एकेक बोट पुसलंत, वाळू दिलंत, मग तर्जनी, मग मधलं बोट. मधलं लागलं. लगेच पुढचा प्रश्न आला, पुनर्विवाह केला आहे का? आजी म्हणाल्या, "नाही लिहा. पण स्थळ असेल तर कळवा." आई पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती, ती हसून इतकी वाकली की वरची शेव खाली सांडली.

आणि ते शेजारचे आजोबा? एका बँकेने अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलं आणि पेन्शन तीन महिने अडकली. तुम्ही चार खेपा घातल्यात, उन्हात, टेम्पोने. मला हे तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने सांगितलं. हे कुठल्या रकान्यात लिहू? 'भूषवलेली पदं'?

आता आई, तू वाच. तुझ्या सिमकार्डाच्या वेळी आपण छावणीतल्या दुकानात गेलो होतो, आठवतं? दहाही बोटं झाली, एकही लागलं नाही. पोरगा म्हणाला, "मांजी, उंगलियाँ तो घिस गईं." तू 'भांडी घासून घासून' म्हणालीस आणि विषय संपवलास. मी मात्र रात्री मोजत बसलो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज किती बशा पोहे, बडीशेप आणि जीरावन मसाला घालून, किती कप चहा, आणि त्या सगळ्याची भांडी. बाबांनी दाखले काढले, पण त्या माणसांना तासभर बसवून कुणी घेतलं? तुला पेन्शन नाही, त्यामुळे तू हयात आहेस का हे आजवर कुठल्याच ऑफिसने विचारलेलं नाही.

तेव्हा मी परिचय लिहून पाठवलाय. दीडशे शब्द, त्यातले नव्वद आईवर. सेक्रेटरींना दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत. शाल नको, असंही कळवलंय. त्याऐवजी कॉलेजातली दोन पोरं मागितली आहेत, नोव्हेंबरभर बाबांशेजारी बसून शिकतील अशी. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. तुमचा त्यावर विश्वास नाही हे मला माहीत आहे, पण पोरांना ते जमेल आणि आजींची बोटं वाचतील. सेक्रेटरी हो म्हणाले आहेत.

बाबा, तुम्ही तरीही नाहीच म्हणालात तर सत्कार आईचा एकटीचा होईल. स्टेजला तीन पायऱ्या आहेत आणि तिचा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे. हात द्यायला तुम्हाला वर यावंच लागेल.

मी पुण्याहून २९ ला रात्री निघतोय. मशीनची वायर ढिली झाली म्हणत होतात ना, नवीन घेतली आहे. १ तारखेला सकाळीच लागेल, आजी नऊला येतील. कार्यक्रम संध्याकाळी आहे.

तुमचा,
बाळू