पाच तारे आणि द्रुतगती मार्ग

मोटारींची धडक-चाचणी घेऊन त्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, हे स्वागतार्हच. मात्र जाहिरातीत ‘पाच तारे’ झळकवताना ते कसे मिळाले, हे कुणी सांगत नाही. समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर मोटारींना १०० ची मुभा आहे. त्या वेगात धडकेची ऊर्जा जवळपास अडीच पट होते. शिवाय चाचणीतला अडथळा साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीशी होणारी टक्कर दाखवतो. कडेला उभ्या मालट्रकखाली मोटार घुसते, तेव्हा बंपरऐवजी थेट काच आणि छतच चिरडते. हे त्या ताऱ्यांत कुठेच मोजलेले नाही.

चाचणीतल्या पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा लावणारे किती? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ती गाडी महागडीच होती; मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते.

तारे पाहूनच गाडी घ्यावी, पण विक्रेत्यांनी चाचणीचा वेग ताऱ्यांशेजारी ठळक छापावा आणि परिवहन विभागाने ट्रकच्या मागील संरक्षक दांड्यांची तपासणी कडक करावी.

– एक वाचक, पनवेल