शंका घेणाऱ्याला बाकावर जागा असू द्या

महोदय,

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्या चर्चच्या उपासनेत थोमाचा उतारा वाचतात; थोमा म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावर विश्वास न ठेवणारा त्याचा शिष्य. त्यावरचा उपदेश आता मला तोंडपाठ झाला आहे: थोमाने शंका घेतली, तुम्ही घेऊ नका. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात मधली एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी वळत नाही. येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय मानणारच नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर सांगणारा थोमा आठ दिवसांनी त्याच शिष्यांबरोबर घरात आहे. ना त्यांनी त्याला बाहेर काढलं, ना तो रुसून गेला.

हे लिहायला कारण घरातलंच आहे. माझ्या नातवाने दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना चर्चचे पूर्ण सभासद करून घेण्याआधीच्या वर्गात विचारलं, देव एक म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कसे? उत्तर मिळालं, "असल्या शंका सैतान घालतो." आता तो कॉलेजात आहे. रविवारी मला स्कूटरवरून चर्चच्या फाटकाशी सोडतो आणि आशीर्वाद होईपर्यंत समोरच्या टपरीवर मोबाइल बघत बसतो. आत बायका हळूच विचारतात, "नातू मागे पडला वाटतं?" पडला नाही हो, बाहेर बसलाय.

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंना पडला होता, तोही बाप्तिस्मा घेतल्यावर. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्रैक्यावरून, म्हणजे या 'एकात तीन'वरून, ख्रिस्ताच्या देवत्वावरून तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रांतून खटके उडू लागले. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत वाद. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही, असं रमाबाईंनी स्पष्ट लिहून कळवलं. सिस्टरला त्यात गर्व दिसला. (आमच्याकडेही असंच ऐकवलं असतं, यात मला शंका नाही.) रमाबाई जिथे शिकत होत्या त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र सांगितलं, हिच्या बुद्धीला आणि मनाला पटल्याशिवाय ही मानणार नाही, तिला वेळ द्या.

वेळ मिळाला. पुढे निराधार बायका-मुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मोठं वाटतं ते दुसरंच. इतकं भांडूनही रमाबाई जेराल्डिनना पत्रांत 'आजीबाई' म्हणत राहिल्या आणि त्याच आजीबाईंनी ही सगळी पत्रं, स्वतःला टोचणारीसुद्धा, जपून संकलित केली. १९७७ साली आपल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. दोघींचं सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं असं नव्हे, पण पत्रं थांबली नाहीत.

५ एप्रिलला रमाबाईंच्या स्मृतिदिनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींची गोष्ट जरूर सांगावी. तिच्या जोडीला वाँटेजच्या काळातलं एखादं पत्रही वाचावं, अशी पाळकांना विनंती. आणि दृढीकरणाच्या वर्गात कुणी अवघड विचारलं, तर "मलाही हे नीट सांगता येत नाही, पुढच्या आठवड्यात मिळून वाचू," एवढं म्हणायला काय हरकत आहे?

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर