सुन्या, दादाचं सांगायचंय

सुन्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही, तुझे तीन मिस्ड कॉल दिसले तरी केला नाही, शिव्या घाल. मी बरा, शुगर होती तिथंच. पण दादाला कॅन्सर निघालाय, छातीचा. बायकांना होतो तोच रे, ब्रेस्ट कॅन्सर. मीपण डॉक्टरांना दोनदा विचारलं. शंभर पेशंटांत जेमतेम एक पुरुष असतो म्हणे.

वर्षभर तो आपलं बनियन आपणच धूत होता, रात्री, बाथरूमला कडी लावून. वहिनीला वाटलं म्हातारपणी तरी शहाणपण सुचलं. मग एक दिवस दोरीवर उलटं वाळत घातलेलं दिसलं, डाव्या बाजूला चहा सांडल्यासारखा डाग. निपलच्या मागं गाठ, निपल आत ओढलेलं, पण दुखत नव्हतं म्हणून गप्प. लोक हसतील म्हणून गप्प. आपल्या दोघांना पंचगंगेत पोहायला शिकवणारा माणूस ह्याला लाजला रे! आता काखेतून हाडांत गेलाय, कंबरेच्या मणक्यात. बरा नाही होणार, टॅमॉक्सिफेनवर आटोक्यात ठेवू म्हणतात. त्या गोळीनं अंगातून वाफा निघतात त्याच्या, रात्री उघडा अंगणात बसतो.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीनं. जीनची टेस्ट केली त्यात बीआरसीए टू नावाच्या जीनमध्ये दोष आला, त्यानं ह्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, मुलगा असो मुलगी असो, निम्मी शक्यता. आमची मोठी आत्या आठवते? तेव्हा नुसतं ‘गाठ’ म्हणायचे. त्या गायिका बियॉन्सेच्या वडिलांना, मॅथ्यू नोल्सना, हेच झालं, हाच जीन, 2019 मध्ये त्यांनी टीव्हीवर जगासमोर सांगितलं. आणि आमचा दादा म्हणतो पिंकीचं लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, सोयरीक मोडेल. मला आईची शपथ घातलीय. पोरगी सव्वीस वर्षांची आहे सुन्या, तिला आत्ता कळलं तर दरवर्षी तपासणी करता येईल, लवकर सापडलं तर काढता येतं.

काकूंच्या वेळी मी तुझ्या ताईला सांगून टाकलं आणि तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या लग्नात एक शब्द न बोलता जेवून गेलास, आणि श्रीखंड तीनदा घेतलंस, वाढप्यानं सांगितलंय मला. ते राहू दे. आज एवढंच विचारतो, तुला राग कशाचा आला होता, मी सांगितलं ह्याचा, का तुला न विचारता सांगितलं ह्याचा? कारण दुसरं असेल तर मी आधी दादापुढं बसतो, पाया पडतो, त्याच्याच तोंडून तिला कळू दे. पहिलं असेल तर मला काही सुचत नाही.

माझंही रक्त परवा दिलंय टेस्टला.

तुझ्या बदलीचं काय झालं? मिनूला दहावीला किती पडले? सगळं लिही.

रविवारी पिंकी येणार आहे साड्या दाखवायला. त्याच्या आत फोन कर, रात्री कितीही वाजू दे. दादा अंगणात असतो, मीही त्याच्याशेजारी जागाच असतो.

तुझाच,
बंड्या