कडुनिंब म्हणून बकाण निंबाची रोपे पुरवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
रोपवाटिका व उद्यान सेवा

विषय: सावलीसाठी मागवलेल्या कडुनिंबाऐवजी बकाण निंब लावून दिल्याबद्दल आणि चुकीच्या देखभाल-सल्ल्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी.

महोदय,

आमच्या गृहनिर्माण संस्थेने 2022 च्या पावसाळ्यात आपल्याकडून कडुनिंबाची बारा रोपे विकत घेतली. खड्डे घेण्यापासून लागवडीपर्यंतचे काम आणि पुढील देखभालही आपल्याच कंपनीकडे सोपवली. आपल्या बिलावर ‘कडुनिंब, स्वतःच्या रोपवाटिकेत बियांपासून तयार केलेली रोपे’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात ती बाराही झाडे बकाण निंबाची, म्हणजे कडुनिंबासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या झाडाची, निघाली आहेत. हे आम्ही आपल्या कार्यालयाला तोंडी आणि ईमेलने कळवले, तेव्हा ‘दोन्ही निंबच आहेत आणि सावली तर मिळतेच आहे’ असे उत्तर आले. ते उत्तर आम्हाला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा प्रकार यंदाच्या पाडव्याला उघड झाला. संस्थेतील एका ज्येष्ठ सभासद बाईंनी गुढीला बांधण्यासाठी आणि गूळ-ओव्यासोबत वाटून प्रसाद करण्यासाठी पाला तोडून आणायला सांगितला होता. डहाळी हातात येताच त्यांनी ती बाजूला ठेवली आणि हा पाला कोणीही खाऊ नये असे सर्वांना निक्षून सांगितले. कडुनिंबाच्या पानात मधल्या एकाच देठाच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, ओळीने लागलेल्या असतात. त्यांचा आकार कोयत्यासारखा किंचित वाकडा, कडा करवतीसारखी आणि बुडाची एक बाजू दुसरीपेक्षा अरुंद असते. आमच्या झाडांच्या पानात मुख्य देठाला उपदेठ फुटलेले आहेत आणि पर्णिका त्या उपदेठांवर आहेत, त्यामुळे एकेक पान लहानशा फांदीएवढे पसरट दिसते. कडुनिंबाचा मोहोर बारीक, पांढरा आणि मधासारख्या वासाचा असतो. येथे फिकट जांभळी फुले आली असून प्रत्येक फुलाच्या मध्यभागी गडद जांभळी नळी आहे. त्याच फांद्यांवर मागच्या हंगामातली पिवळी, सुरकुतलेली गोल फळे अजून घोसाने लटकत होती. निंबोळी लांबट असते, ऐन उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर पिकते आणि गळून जाते. ती हिवाळाभर झाडावर राहत नाही. स्थानिक महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष पाहणी करून दिलेला लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे.

दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत, हे आपल्या प्रतिनिधींनी सांगितले ते खरे आहे. 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने दोन्ही एकाच प्रजातीसमूहात, म्हणजे मेलियात, घातली होती. परंतु 1830 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युसिउने कडुनिंबाला अझाडिरॅक्टा या वेगळ्या प्रजातीसमूहात जागा दिली, आणि आज कोणतीही जबाबदार रोपवाटिका एकाच्या नावाने दुसरे विकू शकत नाही. लहान रोपे पाहून नवख्या माणसाला फरक कळणे अवघड जाते, हे आम्ही समजू शकतो. ज्याने बी स्वतः पेरले त्याच्या बाबतीत मात्र ही सबब चालणार नाही. निंबोळीतली बी लांबट आणि पातळ कवचाची असते, ती वाळल्यावर काही आठवड्यांतच तिची उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून ती ताजीच पेरावी लागते. बकाणाची अठळी गोल, टणक आणि खाचा असलेली असते. तिच्या माळा ओवतात. ही दोन बियाणी हातात घेणाऱ्याचा घोटाळा होणे शक्य नाही. तेव्हा एक तर रोपे आपल्याकडे बियांपासून तयार झालेली नव्हती, किंवा ज्यांनी ती तयार केली त्यांना झाडे ओळखता येत नव्हती. यांपैकी नेमके काय घडले, याचा लेखी खुलासा आम्हाला हवा आहे.

आता सावलीविषयी. बकाण भराभर वाढतो, आणि चार वर्षांत त्याने आमच्या पटांगणावर बऱ्यापैकी छाया धरली हे आम्ही नाकारत नाही. शेताच्या बांधावर, लाकडासाठी लावायला ते उपयोगी झाड आहे. परंतु सोलापूरसारख्या ठिकाणी, जेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर असतो आणि पाऊस बेताचा पडतो, तेथे दोन पिढ्यांना पुरेल अशी सावली हवी म्हणून आम्ही विचारपूर्वक कडुनिंब मागितला होता. कडुनिंब पहिली काही वर्षे सावकाश वाढतो, कारण तो मूळ खोल उतरवत असतो. पहिले दोन उन्हाळे पाणी दिले की पुढे त्याला फारसे काही मागावे लागत नाही. माघ-फाल्गुनात त्याची पाने गळतात, पण तांबूस पालवी लगोलग येते आणि झाड फार काळ उघडे राहत नाही. तो शंभर-दीडशे वर्षे सहज टिकतो. बकाणाचे आयुष्य त्या मानाने फारच थोडे, बहुधा दोन-तीन दशकांचे. हिवाळ्यात तो पूर्ण उघडा पडतो, मुळांना इजा झाली की त्यांतून फुटवे येतात, आणि त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात. गेल्या वळिवात मोडलेली एक जाड फांदी वाहनतळावर पडली. त्या वेळी तेथे कोणी नव्हते, म्हणून अनर्थ टळला.

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. ही बारा झाडे मुलांच्या खेळण्याच्या जागेभोवती लावलेली आहेत. बकाणाची फळे माणसाला, विशेषतः लहान मुलांना, तसेच कुत्र्यांना आणि डुकरांना विषारी आहेत. पक्षी ती खातात म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि प्रमाण जास्त असल्यास झटके येऊन श्वास अडकण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. कडुनिंबाचे तेलही तान्ह्या बाळाच्या पोटात जाऊ देऊ नये, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पिकल्या निंबोळ्या चोखत गावोगावची मुले वाढली आहेत, आणि त्याच समजुतीने येथील मुलांनी ही पिवळी फळे तोंडात घातली असती तर जबाबदारी कोणाची होती? आपण दिलेल्या देखभाल-पत्रकात तर ‘फळे निरुपद्रवी, पाला पाडव्याला उपयोगी’ असे छापलेले आहे. पत्रक कडुनिंबाचे आणि झाड बकाणाचे, ही केवळ कागदावरची चूक म्हणता येणार नाही.

त्याच पत्रकाच्या आधारे आपल्या प्रतिनिधींनी आणखी एक नुकसान केले. गेल्या हिवाळ्यात सगळी झाडे निष्पर्ण झाली तेव्हा त्यांनी त्याला कडुनिंबावरची शेंडेमर ठरवले, बुरशीनाशकाच्या फवारण्या सुचवल्या आणि त्यांचे पैसे घेतले. कडुनिंबावर शेंडेमर येते हे खरे आहे. तिच्यात कोवळे शेंडे तपकिरी होऊन वाळतात आणि वाळकी पाने फांदीला तशीच राहतात. आमच्या झाडांची पाने पिवळी होऊन स्वच्छ गळली होती, फांद्या आतून हिरव्या होत्या आणि वसंतात त्यांना जोमाने पालवी फुटली. बकाणाची ती नेहमीची पानगळ होती. निरोगी झाडांवर, मुले जेथे खेळतात तेथे, विनाकारण औषध मारले गेले. या प्रकाराचा राग आम्हाला पैशांपेक्षा अधिक आहे.

नवी झाडे लावण्याआधी ही काढावी लागणार, आणि त्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागेल. जी झाडे आम्ही मागितलीच नव्हती, ती तोडण्याचा अर्ज आमच्या संस्थेला करावा लागावा, हे मनाला पटत नाही. म्हणून सगळी झाडे एकदम तोडू नयेत असे आमचे मत आहे. खेळाच्या जागेजवळची आणि वाहनतळावर झुकलेली झाडे आधी काढावीत; उरलेली, कडुनिंब वाढेपर्यंत, फुलोरा व फळे वेळच्या वेळी छाटून ठेवावीत.

आमच्या मागण्या अशा: परवानगीच्या अर्जापासून झाडे काढण्यापर्यंतचा आणि अंतरिम छाटणीचा खर्च कंपनीने करावा. येत्या पावसाळ्यात खात्रीच्या कडुनिंबाची, किमान पाच-सहा फूट उंचीची, पिशवीत मुळे गुंडाळून न गेलेली बारा रोपे विनामूल्य लावून द्यावीत आणि लागवडीपूर्वी आम्ही नेमलेल्या जाणकाराला ती तपासू द्यावीत. पहिले दोन उन्हाळे त्यांच्या पाण्याची व्यवस्था कंपनीने करावी. फवारण्यांची पूर्ण रक्कम परत करावी. त्याच सुमारास ज्यांना ज्यांना आपण ‘कडुनिंब’ म्हणून रोपे पुरवली, त्या सर्व ग्राहकांना, विशेषतः शाळा आणि बालवाड्यांना, फळांच्या विषारीपणाची लेखी सूचना तातडीने द्यावी. ही शेवटची मागणी आमच्या स्वतःच्या नुकसानीशी संबंधित नसली तरी तिच्यावर आम्ही तडजोड करणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा ठराव संस्थेच्या व्यवस्थापन समितीने केला आहे. पाहणीसाठी आपले अधिकारी येणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे. सोबत झाडे ओळखणारी व्यक्ती असावी.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
जुळे सोलापूर

सोबत: बिलाची प्रत, देखभाल-पत्रक, फवारणीच्या पावत्या, पाने-फुले-फळांची छायाचित्रे, प्राध्यापकांचा अभिप्राय.