पल्प विज्ञानकथांचे शेवट पडद्यावर का बदलतात?

मा. संपादक,
स. न.

जुन्या पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या लोकप्रिय मासिकांतल्या, विज्ञानकथेवर चित्रपट आला की परीक्षणांत हमखास वाचायला मिळते : मूळ कथा सामान्यच होती, दिग्दर्शकाने तिचे सोने केले. मला हे पटत नाही. पुष्कळदा नेमके उलटे घडते. यान, राक्षस आणि पाठलाग चित्रपट उचलतो आणि कथेतली सर्वांत धाडसी कल्पना मात्र गाळतो.

जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची ‘हू गोज देअर?’ ही लघुकादंबरी १९३८ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली. अंटार्क्टिकावरच्या तळावर बर्फात एक परग्रहावरचा जीव सापडतो. तो कोणत्याही माणसाचे हुबेहूब रूप घेऊ शकतो. मग शेजारच्या खाटेवर झोपलेला सहकारी खरा कशावरून? १९५१ च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ने हे रूप घेणेच काढून टाकले आणि रक्तावर वाढणारा, वनस्पतीच्या जातीचा एक धिप्पाड प्राणी उभा केला. चित्रपट चांगला वेगवान आहे, पण माणसांचा एकमेकांवरचा संशय त्यात उरला नाही. त्या काळच्या तंत्राला मर्यादा होत्या, हे मान्य. १९८२ मध्ये जॉन कार्पेंटर ‘द थिंग’साठी मूळ कथेकडे परतले. खरा माणूस कोण हे ओळखायला त्यात प्रत्येकाच्या रक्ताला तापलेली तार लावतात. रक्त त्या जीवाचे असेल तर ते जीव वाचवायला स्वतःच दूर पळते, कारण त्याचा प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे जिवंत असतो. पडद्यावर थरकाप उडवणाऱ्या या प्रसंगामागची कल्पना कॅम्पबेल यांचीच. समीक्षकांनी तेव्हा तो चित्रपट झोडपला होता. आज तो भयपटांत मानाने मोजला जातो.

पण तंत्राची सबब २००७ च्या ‘आय ॲम लेजंड’ला कुठून मिळणार? रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ च्या कादंबरीत शेवटी नायकाला उमगते, की माणसांना रक्तपिपासू बनवणाऱ्या रोगातून निर्माण झालेल्या नव्या समाजाच्या नजरेत दिवसाउजेडी झोपलेल्यांना मारणारा राक्षस आपणच आहोत. पुस्तकाचे नावही तिथूनच आले आहे : त्या समाजासाठी तो आता एक दंतकथा, म्हणजे ‘लेजंड’. याच्या जवळ जाणारा शेवट चित्रित झालाही होता. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून चित्रपटगृहांत नायकाच्या बलिदानाचा शेवट दाखवला गेला. म्हणजे तंत्र होते, पैसा होता, प्रसंगही हाती होता. कमी पडले ते धैर्य. याचे मला फार वाईट वाटते.

मूळ लेखन ठाऊक नसले की परीक्षणही चुकते. एडगर राइस बरोज यांची मंगळकथा १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली आणि पुढच्या कित्येक अंतराळपटांनी तिच्यातून हवे ते घेतले. बरोबर १०० वर्षांनी तिच्यावरचा ‘जॉन कार्टर’ हा चित्रपट आला तेव्हा तोच उसना वाटतो, अशी टीका झाली!

म्हणून विनंती, की अशा चित्रपटाच्या परीक्षणात मूळ कथा कोणती, ती कुठे आणि कधी छापली गेली, एवढी एक ओळ तरी द्यावी. आणि परीक्षकांनी ती कथा आधी वाचावी. कॅम्पबेल यांची लघुकादंबरी एका बैठकीत वाचून होते. शेवट बदलला असेल तर तो का बदलला, हेही त्यांनी विचारावे.

आपला,
एक विज्ञानकथाप्रेमी वाचक