वऱ्हाडाच्या आंघोळीचा हिशेब

धुळे

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या हॉटेलच्या गरम पाण्याच्या व्यवस्थेसाठी तू पाठवलेले कोटेशन नीट वाचले. त्यात ४० खोल्या, खोलीमागे २५ लिटर, म्हणून १,००० लिटरची टाकी असा सरळ गुणाकार केला आहे, आणि टाकी ठरली की बाकी सारे आपोआप ठरते असे गृहीत धरले आहे. मला ते पटत नाही. इनडायरेक्ट वॉटर हीटरची टाकी स्वतः पाणी तापवत नाही. बॉयलरचे पाणी टाकीतल्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून फिरते, वापराच्या पाण्यात न मिसळता त्याला उष्णता देते आणि परत जाते. म्हणून टाकी, कॉइल आणि बॉयलर यांचा हिशेब एकत्रच मांडायला हवा, आणि तोही सर्वांत गर्दीच्या तासांपासून.

तुझ्या हॉटेलला लागूनच मंगल कार्यालय आहे. वऱ्हाड उतरले की ८० माणसे सकाळी सहा ते आठ या वेळात आंघोळी उरकणार. बादलीने माणसाचे २०-२५ लिटरमध्ये भागते, पण तू शॉवर बसवतो आहेस, तेव्हा माणशी ४० लिटर धर. म्हणजे ४२ अंशांचे ३,२०० लिटर ऊन पाणी. थंडीच्या पहाटे गच्चीवरून येणारे पाणी १५ अंशांचे आणि साठवलेले ६० अंशांचे धरले, तर मिश्रणात गरम पाण्याचा वाटा ६० टक्के येतो, म्हणजे १,९२० लिटर. ते ४५ अंशांनी तापवायला ८६,४०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे १०० युनिट उष्णता लागते.

आता १,००० लिटरची टाकी घेतली तरी तिच्यातून १,००० लिटर गरम पाणी मिळत नाही, कारण वरून पाणी निघते तसे खालून थंड पाणी शिरते. कामाचे पाणी ७० टक्के, म्हणजे ७०० लिटर धरावे. उरलेले १,२२० लिटर दोन तासांत तापवायला सुमारे ३२ किलोवॅट लागतील. तेच १,५०० लिटरची टाकी घेतलीस तर ८७० लिटरच तापवायचे उरतात आणि २३ किलोवॅटमध्ये काम होते. पाइपांतून वाया जाणारी उष्णता यावर दहा-पंधरा टक्के वाढव. तू पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या ठोकळ्यांवर चालणारा बॉयलर घेणार आहेस. तो गॅससारखा क्षणात जोर धरत नाही, म्हणून तुझ्यासाठी मी मोठ्या टाकीच्याच बाजूने आहे. मात्र एवढी टाकी पूर्ण थंड असेल तर २३ किलोवॅटवर ती भरून तापायला साडेतीन तास लागतात, तेव्हा बॉयलर पहाटे दोनच्या सुमारास पेटलेला हवा. भांडी धुण्याचे पाणी यात मिळवू नकोस. पंगती उठेपर्यंत आंघोळीची गर्दी सरलेली असते.

खरी मेख कॉइलमध्ये आहे. कोटेशनमधली तिची क्षमता बॉयलरचे पाणी ८० अंशांचे असताना मोजलेली आहे आणि तुझा बॉयलर ६५ अंशांवर चालवायचे ठरले आहे. टाकीतले पाणी ६० अंशांजवळ पोहोचेल तेव्हा दोन्हींत जेमतेम ५ अंशांचा फरक उरेल आणि कॉइल नावापुरतीच राहील. म्हणून बॉयलर ७५ अंशांवर चालवायचा असेच धर. बॉयलर कितीही दणकट असो, कॉइल जेवढी उष्णता सोडते तेवढीच पाण्याला मिळते. पंपाचेही तसेच: २३ किलोवॅट पोहोचवताना कॉइलमध्ये पाणी २० अंशांनी उतरू द्यायचे असेल तर तासाला हजारेक लिटर फिरवावे लागते, १० अंशांनीच उतरू द्यायचे तर त्याच्या दुप्पट.

बोअरचे पाणी वापरणार असशील तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र, टाळू नकोस. आपल्या काळ्या दगडातले पाणी किती जड असते ते तुझ्या घरच्या गिझरने तुला दाखवलेच आहे, आणि कॉइलवर क्षारांचा थर चढला की वरचे सगळे आकडे कागदावरच राहतात. साठवणीचे तापमान खर्च वाचवायला ६० च्या खाली आणू नकोस. कोमट साठ्यात लिजिओनेला जंतू वाढतात. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून न्हाणीघरांकडे जाणाऱ्या लाइनवर मिश्रण झडप हवीच. १५ वरून ६० अंशांवर जाताना १,५०० लिटर पाणी सुमारे २४ लिटरने फुगते, त्यासाठी एक्स्पान्शन टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही लिहून घे.

लग्ने तर एप्रिल-मेमध्येही असतात, असे तू म्हणशील. पण त्या दिवसांत आपल्याकडे नळाचेच पाणी ३२ अंशांचे असले, तर २७ ऐवजी १० अंशच चढवायचे राहतात आणि उष्णता निम्म्याहूनही बरीच कमी लागते. हिशेब हिवाळ्याचाच धरायचा, फक्त बॉयलर एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घेता आले तर पाहा, म्हणजे उन्हाळ्यात एकावरच भागेल.

आगाऊ रक्कम देण्याआधी विक्रेत्याकडून एकच गोष्ट लेखी घे: बॉयलरचे पाणी ७५ अंशांचे आणि टाकीत येणारे १५ अंशांचे असताना ही कॉइल तासाला किती लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेते. तासाला ४३५ लिटरच्या खाली आकडा आला तर सही करू नकोस. उत्तर आले की मला कळव, पंपाचे आपण मग पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत