मशीन ज्याला कळते, त्यानेच मॅन्युअल लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत ऑर्डरी घटल्या की आधी कंत्राटी कामगार जातो, मग चाळिशी ओलांडलेला, पगार वाढलेला क्वालिटी नाहीतर मेन्टेनन्सवाला. मी दुसऱ्या गटातला. हिशेब हातात पडला आणि पुढे जाईल तिथे 'कळवतो' एवढेच ऐकू आले. सध्या मशीनची मॅन्युअल्स लिहून घर चालवतो. भावकीत अजून विचारतात, "आता कारकुनी करतोयस व्हय?" अशी मॅन्युअल्स लिहिणे, म्हणजेच टेक्निकल रायटिंग, हे पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांचे काम, असा आपल्याकडे समज आहे, म्हणून हे पत्र.

मॅन्युअलमध्ये हमखास सापडणारी सूचना पाहा : 'स्लाइडवेला वेळोवेळी योग्य प्रमाणात वंगण द्यावे.' (स्लाइडवे म्हणजे मशीनचा भाग ज्यावरून सरकतो ती पट्टी.) वेळोवेळी म्हणजे कधी? योग्य म्हणजे किती? लिहिणाऱ्याने हात काळे केलेले नाहीत, हे लगेच कळते. मेन्टेनन्सवाला लिहील : 'पाळी सुरू करण्याआधी टाकीच्या काचेवर तेलाची पातळी पाहा. खालच्या खुणेखाली असेल तर मेन स्विच बंद करा. 68 ग्रेडचे स्लाइडवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा.' झाकणाचे सगळे स्क्रू काढायला लावून मग खाली 'तत्पूर्वी वीजपुरवठा खंडित करावा' असे छापणारी पुस्तकेही मी पाहिली आहेत. वाचणारा तोवर आत हात घालून बसलेला असतो!

इंग्रजी कच्चे आहे म्हणून आपली माणसे बिचकतात. पण या कामाला फर्डे इंग्रजी चालतच नाही. विमानांच्या देखभालीसाठी 1980च्या दशकात 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' तयार झाले, कारण जगभरच्या मेकॅनिकांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्यात ठरावीक शब्द वापरायचे, एका वाक्यात साधारण एकच कृती सांगायची आणि कृतीचे वाक्य 20 शब्दांच्या वर जाऊ द्यायचे नाही. मराठी माध्यमातून आयटीआय, डिप्लोमा केलेल्याला हे सरावाने जमते. मला जमले.

मागणीचे म्हणाल, तर युरोपात मशीन विकायचे तर सूचना-पुस्तिका कायद्यानेच द्यावी लागते, तीही तिथल्या देशाच्या भाषेत. मूळ इंग्रजी मजकूर गोंधळलेला असला की भाषांतर आणखी गोंधळते. यंत्रांविषयीचा तिथला नवा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू होणार आहे, म्हणजे जुनी पुस्तके पुन्हा तपासावी लागणार. आपले कारखानदार हे काम पुण्या-मुंबईकडे पाठवतात. ज्याने ते मशीन जोडले, तो मात्र घरी बसलेला असतो.

एआय लिहून देईल की, असे मुले म्हणतात. मीही मसुद्याचे व्याकरण त्याच्याकडून तपासून घेतो. पण बोल्ट किती टॉर्कने, म्हणजे किती पीळ देऊन, आवळायचा, हे मशीनजवळ जाऊन, डिझाइनवाल्याला विचारूनच लिहावे लागते. अंदाजाने आकडा ठोकून दिला तर उद्या ऑपरेटरचा हात जातो.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या महागड्या क्लासकडे लगेच पैसे भरू नयेत. टेक्निकल रायटिंगचे गूगलचे प्राथमिक धडे इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्याला पाठ असलेल्या एखाद्या मशीनची दहा पाने लिहावीत आणि ती नवख्या पोराच्या हातात देऊन गप्प उभे राहावे. पोरगे जिथे अडते, तिथे वाक्य बदलावे. मुलाखतीला प्रमाणपत्रापेक्षा ही पाने जास्त उपयोगी पडतात. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज मात्र त्यात वापरू नयेत, तो मजकूर त्यांचा असतो.

शेवटी दराचे. 'पानाला इतके' असा दर कबूल करू नये. निम्मी मेहनत पाने कमी करण्यातच जाते, आणि पानावर पैसे मिळू लागले की पुस्तक फुगते. पूर्ण मशीनचा एकच आकडा सांगावा. दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आहेत, हे आधीच लिहून द्यावे, नाहीतर साहेब सहा महिने 'एवढं जरा बदला' म्हणत राहतात.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर